पालथा पुतळा
पत्रावळींचा गठ्ठा सोडला की वाळक्या पळसाचा वास येतो, आणि मला जेवणाची पंगत नाही, अमरधाम स्मशान आठवतं. काका बॉम्बफेकी विमानात होता. लढाईत ते विमान परतलं नाही, देहही सापडला नाही. रीतीप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिल्यावर देहाऐवजी जाळायला गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. आमच्याकडे बायका तिथे जात नसत, पण काकू आली. गोदेवरून गार वारा येत होता, पानं करकर वाजत होती आणि आजोबा ती हाताने दाबून धरत होते. पुतळा सरणावर उताणा ठेवला तशी काकू म्हणाली, "गुरुजी, त्यांना पालथं ठेवा." "असं नसतं करत, ताई." "विमानाच्या नाकात, काचेपाशी पोटावर पडून ते बॉम्ब टाकायचे. तसेच गेले असतील. बाकीच्यांना आभाळ दिसायचं, खालची घरं यांनाच दिसायची. आधीच्या लढाईहून आले तेव्हा म्हणाले होते, डोळे मिटले तरी दिसतात." आजोबांनीच पुढे होऊन मुलाला पालथं केलं, नारळ घरंगळू नये म्हणून त्याखाली हात धरला, आणि अग्नी देईपर्यंत काढला नाही. गेल्या महिन्यात तिथेच काकूला ठेवलं, उताणी, तोंड आभाळाकडे. तिचे अर्धवट उघडे डोळे मिटायला कुणीतरी हात पुढे केला, तो मी धरला. म्हटलं, राहू द्या, तिला वर बघू दे.