जवाब दिल्याशिवाय माईक सोडणार नाही

“मॅडम, तुम्ही तिसऱ्याच सीनमध्ये खुनी सांगून टाकला!”

चॅनलवाल्या बाईंचा मुंबईहून फोन. सकाळचे दहा वाजलेले. मी औरंगपुऱ्यातल्या आमच्या डबिंग स्टुडिओत उभी, आणि समोर काचेआड द्वारकाबाई शांतपणे पान जुळवत बसलेल्या.

डबिंग म्हणजे परक्या चित्राला आपली भाषा चढवायची. ओठ त्यांचे, आवाज आपला. हा एका जुन्या इंग्रजी खूनमालिकेचा एपिसोड होता. एकेकाळी स्टेज गाजवलेली नट-नटीची जोडी म्हातारपणी एकमेकांचं तोंड बघत नाही, आणि त्यांच्या मॅनेजरचा खून होतो. नमुन्याचा हा एपिसोड पसंत पडला तर सगळी मालिका आमची. नाही पडला तर डायरेक्टर म्हणून माझं पहिलं काम हेच शेवटचं. शेंद्र्याच्या आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगते.

भांडखोर जोडीसाठी मी खरीच भांडखोर जोडी आणली. गुलाबराव आणि द्वारकाबाई एकाच तमाशाच्या फडातले. पोस्टरवर आधी नाव कुणाचं, यावरून फड फुटला. तेव्हापासून बोलणं बंद.

डबिंगमध्ये एकेकाचा आवाज वेगळा घेतात. म्हटलं, भेटच नाही तर भांडण कसलं? इथंच चुकले. दुसऱ्याला पहिल्याचा आवाज हेडफोनमध्ये ऐकू येतो. आणि फडाची रीत अशी, की सवालाला जवाब न देता बोर्ड सोडला, म्हणजे स्टेजवरून उतरलात, की हरलात. गुलाबरावांनी स्क्रिप्टबाहेर टोमणा मारला. बाईंनी जवाब दिला. मग गुलाबराव, “माझं पुन्हा घ्या.” चार दिवस हेच. शेवटचा टेक मी कंटाळून न ऐकताच पाठवला. आता फोन ठेवून मी काचेआड बाईंकडं गेले.

“बाई, त्या नटानं शिडीची पायरी कापली, हे तुम्ही आत्ताच का बोललात? मॅनेजर अजून जिवंत आहे!”

“मग? त्यो मला फुटकं तुणतुणं म्हनला. ऐकून घेऊ व्हय?”

“खुनी शेवटी कळायचा असतो.”

“मला पहिल्याच दिवशी कळला. थोबाड बघा की त्याचं.”

आमचे मालक देशमुख सर म्हणाले, “कलाकार बदल. पाचला नवी कॉपी द्यायचीय.”

“सर, सात तासांत कुठून आणू? दोघांना एका माईकवर उभं करते.”

“गळे धरतील एकमेकांचे!”

एका माईकवर एकाची चूक झाली, की दोघांचं पुन्हा घ्यावं लागतं. म्हणजे चुकणारा दुसऱ्यासमोर हरला. मला तेच पाहिजे होतं. बाहेर बाकावर बसलेल्या गुलाबरावांना म्हटलं, “दादा, बाई म्हणतात, पहिली चूक तुमची होणार.”

“अस्सं?” त्यांनी चष्मा पुसला.

आत जाऊन बाईंना तेच सांगितलं, नाव फक्त बदललं. डिग्री घेतली म्हणून खोटं बोलता येत नाही असं थोडंच आहे.

साडेचारला एपिसोड संपत आला. जास्तीचा एक शब्द नाही! दोघं एकमेकांच्या तोंडाकडं असे टपलेले, की अडखळायची टाप नव्हती.

शेवटी पोलीस खुन्याला घेऊन जातात. नटी पाठ फिरवते. मुळात ती काहीच बोलत नाही. पण पाठ असली की ओठ दिसत नाहीत, काहीही खपतं. द्वारकाबाईंनी ते हेरलं.

“जा रे. तिथं तरी तुझं नाव आधी लिहितील.”

गुलाबराव उसळले. “माझा जवाब घ्या!”

“दादा, तुम्ही गाडीत बसून गेलात.”

“मग गाडी थांबवा!”

पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तसंच पाठवलं. या खेपेस शेवटपर्यंत ऐकून. सहाला चॅनलवाल्या बाईंचा फोन आला.

“ते शेवटचं वाक्य मुळात आहे का हो?”

“नाही, मॅडम.”

पलीकडं हसू. “राहू द्या.”

मालिका मिळाली. भांडणारे कलाकार खुशाल घ्यावेत. त्यांची समजूत काढण्यात मात्र वेळ घालवू नये, फक्त एकच माईक द्यावा.