शशिकांतरावांचा तिळगूळ

"तिळगूळ घ्या आणि खरं बोला!"

संक्रांतीला सगळा मुलूख गोड बोला म्हणतो. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात राहणारे शशिकांतराव मात्र जन्मभर 'खरं बोला' म्हणत आले. माणूस सरळ, मुरलेल्या औतकऱ्यानं धरलेल्या नांगराच्या तासासारखा. मुलगी अक्षता एकदा नात्यातल्या लग्नापायी एक दिवस शाळेला मुकली. दुसऱ्या बापानं चिठ्ठीत ताप लिहिला असता. यांनी लिहिलं, 'लग्नाला नेली होती.' पोर वर्गाबाहेर उभी राहिली. त्यांच्या बायकोनं, भानुमतीनं, त्या संध्याकाळी भांडी आपटली. पण आतून तिला नवऱ्याचा अभिमानच होता.

दिल्ली तेव्हा चहूकडं पसरत होती. जो तो जमनापार, नदीपलीकडं, घर घेत होता. शेजारच्या विश्वनाथनं नोएडात घेतलं, बिऱ्हाड तिकडं हलवलं आणि सरकारी क्वार्टर गुपचूप भाड्यानं दिलं.

"हे नियमात बसत नाही," शशिकांतराव त्याला तोंडावर म्हणाले. "कुणी विचारलं तर मी खरं ते सांगेन."

"अरे यार, विचारतंय कोण!" विश्वनाथ हसला.

भाड्यानं आली ती लातूरकडची कुमुद. नवऱ्याच्या आजारासाठी तिनं गाव सोडलं होतं. इस्पितळातून तो पिळलेल्या फडक्यासारखा होऊन यायचा. एवढ्याशा भाड्यात दिल्लीत तिला दुसरा आसरा नव्हता. ती भानुमतीला वहिनी म्हणू लागली, आणि शशिकांतराव तिच्या नवऱ्याला धरून जिना चढवू लागले.

संक्रांतीला कुमुद ताटली घेऊन दारात आली. "भाऊजी, तिळगूळ घ्या, खरं बोला!" ती चिडवत म्हणाली.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. क्वार्टरांची तपासणी करणारा साहेब खालच्या मजल्यावर आला होता. त्याच्या आधीच विश्वनाथ धापा टाकत वर आला. त्याला कुठून तरी कुणकुण लागली होती. त्यानं कुमुदच्या घरात शिरून तिच्या नवऱ्याचा टॉवेल खांद्यावर घेतला आणि घरधनी होऊन बाहेर आला.

"ये मेरी बहन है, साहब. बहनोई बीमार हैं. हम सब यहीं रहते हैं."

साहेब शशिकांतरावांकडं वळला. शशिकांतरावांनी तोंड उघडलं. आत तिचा नवरा खोकला. उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

साहेब हसला. "शशिकांतजी को सारी कॉलोनी जानती है. झूठ होता तो ये चुप रहते?"

तो गेला. विश्वनाथनं टॉवेलानं घाम पुसला. "मानलं शशिकांतराव! माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. तुमचं नुसतं गप्प बसणं खपलं!"

त्या दिवसापासून शशिकांतरावांना घास गोड लागेना.

"अगं, मी खोटं बोललो का?"

"तुम्ही बोललातच कुठं?"

"मग त्या साहेबाला फसवलं कुणी?"

भानुमतीनं त्यांच्या पानात आणखी भाजी वाढली.

"जाऊन सांगून येऊ?"

"आणि ती बिचारी कुठं जाईल हो?"

"तेच तर." ते भिंतीकडं बघत राहिले. भिंतीपलीकडं खोकला चालला होता. आपल्याला नवरा कुठला हवा, सांगणारा की गप्प राहणारा, हे भानुमतीलाही उमगेना.

रथसप्तमीच्या आधी एका सकाळी त्यांनी मफलर गुंडाळला. "येतो," एवढंच म्हणाले. खाली पोरांनी त्यांना घेरलं. "अंकल, तिळगूळ!" खिशातून काढून त्यांनी एकेकाच्या हातावर ठेवला.

"तिळगूळ घ्या आणि..." ते थांबले.

"खरं बोला!" पोरं ओरडली.

परक्या मुलखात कुणी वाट विचारावी, तसे ते पोरांकडं बघत राहिले. मग फाटकाकडं चालू लागले. तिथून डावीकडं त्यांची रोजची बस, उजवीकडं तपासणीची कचेरी. धुकं दाट होतं. भानुमती गॅलरीत उभी होती, शेजारच्या गॅलरीत कुमुद.

"वहिनी, भाऊजी कुणीकडं वळले?"

भानुमतीला मफलर उजवीकडं गेल्यासारखा वाटला होता.

"दिसलं नाही गं," भानुमती म्हणाली, आणि त्या धुक्याकडं बघतच राहिली.