बेडकाचं काळीज आणि शिंपल्यांचा चुना

बेडकाचं काळीज तिसऱ्यांदा बंद पडलं, तेव्हा सबनीस डॉक्टर खेकसले, "गोविंद, भांडी नीट धुतलीस का?"

"चार वेळा धुतली, साहेब."

मी ठाण्याच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. दुपारच्या गाडीने मुंबईचे मोठे सर्जन यायचे होते. शरीराबाहेर काढलेलं काळीज मिठाच्या पाण्यात तासभर चालतं, हे साहेबांना त्यांना दाखवायचं होतं. काळजावर गवताची काडी टेकवायची. ठोका पडला की काडी उडते. आमची काडी थोडा वेळ हलायची, मंद व्हायची, थांबायची.

विलायतेहून आलेल्या लेखात कारण दिलं होतं. पाण्यात किंचित कॅल्शियम लागतं, म्हणजे चुन्याचा अंश. त्याशिवाय काळीज आवळत नाही. माझी समजूत अशी, की त्याच्याकडे स्वतःचा थोडा साठा असावा. तो संपेपर्यंत ते चालतं. हा साठा ते कुठे ठेवतं, कसा सोडतं, ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही.

मुंबईहून मागवलेला कॅल्शियमचा क्षार पावसाळी हवेत बाटलीतच पाणी होऊन बसला होता. त्याचा जोर किती, कळायला मार्ग नाही.

ओटीवर पारूबाई पान लावत होती. कोपरीच्या खाचरांतले बेडूक तीच आणून द्यायची. तिच्या डबीतला चुना खाडीच्या शिंपल्यांचा, घरी भाजलेला.

"पारूबाई, थोडा चुना देता?"

"घे ना, बाला. किती दमलास! पान पन देऊ?"

चुना मिठाच्या तेजाबात, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडात, विरघळवला. तेजाब उरू नये म्हणून चुना जास्तच टाकला, मग गाळून घेतलं.

"पानाचा चुना?" साहेब म्हणाले. "हसतील रे आपल्याला."

"काळीज बंद पडलं तर जास्त हसतील."

घाईत मिठाच्या पाण्यात त्याचे थेंब जास्त पडले. काळीज मुठीसारखं आवळलं ते सुटलंच नाही. कल्याणला आई अंथरुणाला खिळली होती, आणि माझा बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. आता एकच बेडूक उरला होता. थेंब निम्म्याहून कमी केले.

काडी उडाली.

मोठे सर्जन आले, घड्याळ काढून बसले. तासभर काडी उडत राहिली.

ते गेल्यावर साहेबांनी माझी पाठ थोपटली. "तुझ्यासारखा माणूस मी कल्याणला सोडतो होय?" म्हणाले, आणि अर्जावर नकार लिहिला.

आई पुढे वर्षभर होती. रविवारी जाऊन यायचो. बदलीचं विचारायची. "होईल," म्हणायचो.

आता पेन्शनीत बसून नव्या असिस्टंटांना एवढंच सांगतो: बदली हवी असेल, तर अर्ज मंजूर होईपर्यंत फार उपयोगी पडू नका.