दोनशे चौदा कुलुपं

कुलूपकाकांचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत शिरलं की काकांना किल्ली घासायच्या यंत्रामागे अंग चोरून उभं राहावं लागे. चाळीस वर्षं ते असेच उभे होते. त्यांचा लौकिक एका गोष्टीसाठी होता. ज्या कुलपाची किल्ली त्यांनी एकदा घडवली, तिचा नंबर ते लिहून ठेवत. नंबर म्हणजे किल्लीचा कुठला दात किती खोल, त्याचे पाच-सहा आकडे. माणूस किल्ली हरवून हात हलवत आला तरी काका नंबर काढत आणि नवी घासून देत. जुनी किल्ली लागत नसे, कुलूपही लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी सुनेने त्यांच्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. नाव, पत्ता, नंबर, शेरा. काका खूश झाले. बाहेर कामावर असताना यादी फोनवर दिसली पाहिजे, असा हट्ट त्यांनीच धरला, म्हणून सुनेने ती दुकानाच्या ईमेलला जोडून ठेवली. पासवर्डही काकांनीच सांगितला : दुकानाचा फोन नंबर. तोच नंबर शटरवर हातभर मोठ्या आकड्यांत रंगवलेला होता.

"बाबा, हा बदलू या," सून दोनदा म्हणाली होती.

"मला आठवायला नको का?" काका म्हणाले होते. मग तिनेही विषय सोडला.

एका सोमवारी सकाळी समोरचा स्टेशनरीवाला पायऱ्या चढून आला.

"काका, एवढी कसली घाई? माझ्या गोदामाच्या कुलपांचे पैसे आजच, नव्या खात्यात भरा म्हणून मेल पाठवलीत. म्हटलं, रस्ता ओलांडून विचारावं."

"मी? मी मेल पाठवत नाही. सून पाठवते."

सून यंत्रावरची धूळ पुसत होती. तिचा हात थांबला. "मीही नाही पाठवली," ती म्हणाली.

स्टेशनरीवाल्याने फोन पुढे केला. पत्ता दुकानाचा, खाली सही काकांची. फक्त खातं परकं.

सून ज्यांच्या क्लासात कॉम्प्युटर शिकली होती, त्या मॅडमना तिने फोन लावला. मॅडम अर्ध्या तासात आल्या. त्यातूनच कोणी शिरलं असेल म्हणून त्यांनी दुकानाच्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, स्वतःच्या फोनवरून ईमेल उघडलं. आधी पासवर्ड बदलला. जिथे जिथे ते ईमेल उघडं होतं, तिथे तिथे ते बंद केलं. मग सेटिंग दाखवलं. येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर जावी, असं कोणीतरी लावून ठेवलं होतं. दहा दिवसांपासून.

"नुसता पासवर्ड बदलून थांबला असतात तर हे चालूच राहिलं असतं," मॅडम म्हणाल्या आणि ते काढून टाकलं.

काकांनी एवढंच विचारलं, "यादी?"

मॅडमनी नोंदी पाहिल्या. "शुक्रवारी दुपारी उघडलीय. तुम्ही उघडली होती का?"

शुक्रवारी दुपारी दोघंही एका लग्नात होती. दुकान बंद होतं.

"उघडली म्हणजे नेली, असं धरून चाला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी यादी ईमेलवरून काढून एका डिस्कवर घेतली, सुनेच्या हातात दिली आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवायला सांगून त्या गेल्या.

दोनशे चौदा नावं. दोनशे चौदा दारं, आणि प्रत्येकाची किल्ली कशी घासायची ते समोर लिहिलेलं. सुनेने शटर अर्धं ओढून घेतलं.

"बाबा, त्यांना पैसे हवे होते. किल्ल्यांचं त्यांना काय? स्टेशनरीवाला आपला माणूस आहे, तो बोलणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकलेली असती तर," काका म्हणाले. "ती उघडून कोणीतरी आत बघून गेलंय."

"लोक दुकानाची पायरी चढणार नाहीत."

काकांना यादीतला एक शेरा आठवला होता. तीन आठवड्यांपूर्वी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे त्यांनी नवं कुलूप बसवलं होतं. बाई नव्या जागेत राहायला आल्या होत्या आणि पत्ता कोणाला सांगायचा नाही, असं त्यांनी हात जोडून बजावलं होतं. काकांनी विसरू नये म्हणून लिहिलं होतं : नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, त्याला पत्ता कळू नये.

जे लपवायचं होतं तेच त्यांनी अक्षरात मांडून ठेवलं होतं.

त्यांनी पिशवी उचलली. चालताना ते स्वतःला समजावत होते की कुठला तरी परका भामटा आणि तो नवरा यांची गाठ कशाला पडेल. पण यादी कोणाकडे आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणजे सगळेच आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचताना त्यांना दोनदा कठड्याला धरावं लागलं.

बाईंनी साखळी न काढता दार फटभर उघडलं.

"तुमचं कुलूप बदलायला आलोय," काका म्हणाले. "आत्ताच. तुमचा पत्ता आणि किल्लीचा नंबर माझ्या दुकानातून बाहेर गेलाय. कोणाकडे गेला ते माहीत नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी साखळी काढली. काकांनी कुलपाच्या सिलिंडरचा, म्हणजे किल्ली शिरते त्या गाभ्याचा, स्क्रू सैल केला आणि जुना सिलिंडर ओढून काढला. दाराला आता नुसतं भोक होतं. तेवढ्यात खालून पावलं ऐकू आली. जड, सावकाश, प्रत्येक मजल्यावर थांबणारी. काकांनी नवा सिलिंडर भोकात सरकवला, पण घामाने बोटं निसटत होती, स्क्रू पकड घेईना. पावलं तिसऱ्या मजल्यावर आली आणि दारापाशी थांबली. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. काकांनी खांदा दाराला टेकवला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर घट्ट धरला.

"मीटर बघायचाय," बाहेरून आवाज आला.

काकांनी खांदा तसाच टेकवून ठेवला. माणूस जिन्यातल्या मीटरच्या पेटीजवळ गेला, काहीतरी टिपलं आणि वर चढला. मग काकांनी स्क्रू आवळला. तीनही किल्ल्या बाईंच्या हातात ठेवल्या.

"हिचा नंबर मी लिहिलेला नाही. हरवली तर कुलूपच बदलावं लागेल."

"मी फक्त तुम्हाला पत्ता दिला होता," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आता मला ही जागाही सोडावी लागेल."

"हो," काका म्हणाले.

दुपारी सून पोलिसांकडे जाऊन तक्रारीची पावती घेऊन आली. तिने परत झाकल्या मुठीचा विषय काढला नाही. डिस्कवरची यादी उघडून ती एकेकाला फोन करू लागली आणि पहिल्या वाक्यातच खरं काय ते सांगू लागली. काका सकाळी निघत, संध्याकाळी परतत. घरी एकट्या राहणाऱ्यांची दारं आधी, मग दुकानं, मग बाकीची. एकोणीस दिवस लागले. कोणी चहा दिला, कोणी दारातूनच बोलणी दिली. एका सोनाराने तर "तुमच्यापेक्षा चोर बरा, तो निदान गुपचूप येतो" असं सुनावून दुसरा कुलूपवाला बोलावला. काहींनी "काही होत नाही हो" म्हणून बदलून घेतलंच नाही. त्यांच्याकडे काका आठवड्याने पुन्हा गेले.

कोणाचं घर फुटल्याचं कानावर आलं नाही. यादी खरंच कोणी वापरणार होतं की भामट्यांना फक्त मेलमधली बिलं हवी होती, हे कधीच कळलं नाही. पोलिसांकडूनही नाही. त्या वर्षी कितीतरी जुनी गिऱ्हाइकं तुटली.

दुकानाची पद्धत मात्र बदलली. कॉम्प्युटरवर आता फक्त क्रमांक आणि दातांचे आकडे असतात. कोणता क्रमांक कोणाचा, ते कागदी वहीत, तिजोरीत. पत्त्यापुढे शेरा लिहायचा नाही. ईमेल उघडायला पासवर्डनंतर सुनेच्या फोनवर येणारा आकडाही लागतो, आणि काका तो न कुरकुरता विचारतात. डिस्कवर प्रत घेतली की डिस्क काढून घरी.

काही महिन्यांनी बाजारातल्या दुकानदारांची बैठक होती. काका कधी बोलायला उभे राहत नसत, त्या दिवशी राहिले. सगळं सांगितलं, शटरवरच्या नंबरासकट. मागून कोणीतरी हसलं. मग स्टेशनरीवाल्याने हळूच शेजारच्याला विचारलं, "तुझा पासवर्ड काय आहे रे?"

"सांगतो," तो म्हणाला, आणि तोंड उघडून तसाच गप्प बसला.

गाणं शिकवणाऱ्या बाईंनी दोन महिन्यांत जागा सोडली. कुठे गेल्या ते काकांनी कोणालाही विचारलं नाही.