मीटरवरच्या तीन विटा

ती नोटीस माझ्याकडे अजून आहे. तिच्यावर अण्णांचं पूर्ण नाव आहे, नावाआधी 'श्री.' आहे, आणि ती निघाली तेव्हा अण्णांना जाऊन दीड महिना होऊन गेला होता. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. नोटिशीत लिहिलं होतं की, आपल्या घराचे पाण्याचे मीटर जाणूनबुजून फोडल्याचे तपासणीत आढळले आहे. मीटरच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी घरमालकाची आहे. पंधरा दिवसांत स्वखर्चाने नवीन मीटर बसवावे, अन्यथा नळ तोडण्यात येईल.

आईने ती माझ्याआधी वाचली. आई सातवी शिकलेली आहे, छापील कागद ओठ हलवत वाचते. तिचे ओठ 'जाणूनबुजून'वर थांबले.

"ह्यांनी फोडलं असं म्हणतायत?"

"आई, तो नुसता छापील मजकूर असतो."

"छापील असो नाहीतर हाताचा. पाणी तोडू दे त्यांना, मी टँकरचं भरीन. पण हा शब्द काढून आण."

म्हणून मी गेले. मी देवळ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे. त्या सोमवारी परत गेले नाही.

आमचं घर शहराच्या कडेला, द्वारका चौकाच्या पुढे, आत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णांनी दोन खोल्या बांधल्या तेव्हा समोर शेवंतीचा मळा होता आणि रस्ता नावालाच होता. अण्णा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या त्यांनी शाईने आखल्या, आणि आपल्या घरी पहिल्यांदा नळ आला तेव्हा शेजाऱ्यांना पेढे वाटले. वर्षभरातच शेजारच्या बांधकामावर वाळूचा ट्रक आला, मागे घेताना त्याचं चाक आमच्या मीटरवर चढलं. तेव्हा कुंपण नव्हतं. ट्रकवाला हात जोडून निघून गेला. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात अण्णांना सांगितलं, कोणीही फोडो, जबाबदारी मालकाची. मला वाटलं होतं ते भांडतील. ते घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आपल्या दारात आहे, आपण सांभाळायला पाहिजे होतं."

मग कुंपण झालं आणि फाटकाच्या आत, भिंतीला लागून, मीटरभोवती विटांची पेटी झाली. तीन बाजू सिमेंटने बांधलेल्या, वरच्या तीन विटा मात्र सुट्या. मीटरचा रीडर आला तर त्याला कोणाला हाक मारायला लागू नये, त्याने आपल्या हाताने विटा उचलाव्यात, आकडा बघावा, परत ठेवाव्यात. दर रविवारी अण्णा त्या विटा बाजूला ठेवून जुन्या बनियनच्या फडक्याने मीटरची काच पुसायचे. शेजारचे काका भिंतीवरून बघायचे.

"साहेब, रोज आंघोळ घालता का त्याला?"

"रोज नाही. रविवारी."

"आमचं बघा, चार वर्षं झाली, झोपलंय. त्याला उठवायचं नाही. बिल कसं ठरलेलं येतं."

आमच्या गल्लीतली बहुतेक मीटरं अशी झोपलेली होती. कोणाच्या काचेत तार घातलेली, कोणाचं उलटं बसवलेलं, कोणाचं मातीत पुरलेलं. सगळ्यांना माहीत होतं, रीडरलाही माहीत होतं. चालू होतं ते एकच, आमचं. मी तेव्हा शाळेत होते आणि मला त्या फडक्याची लाज वाटायची.

अण्णा जानेवारीत गेले, सकाळी, चहा घेऊन झाल्यावर. दुपारी अण्णांचे धाकटे भाऊ, माझे काका, वणीकडच्या गावाहून जीप घेऊन आले. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पलीकडच्या आजींनी सांगितलं, मयताच्या आंघोळीचं पाणी घरातल्या गॅसवर तापवायचं नाही, बाहेर चूल मांडा. काकांनी तीन विटा मांडल्या, पातेलं ठेवलं, जाळ केला. थंडीचा वारा होता, म्हणून चूल भिंतीच्या आडोशाला, म्हणजे त्या पेटीला चिकटून मांडली होती. मी पायरीवर बसले होते. आंघोळ झाल्यावर कोणीतरी उरलेलं पाणी ओतून जाळ विझवला. त्या वेळी तड् असा आवाज झाला. मला वाटलं, मडकं असेल. अण्णांना नेल्यावर बायकांनी अंगण धुतलं आणि रिवाजाप्रमाणे चुलीच्या विटा कुंपणाबाहेर गटारापाशी टाकून दिल्या.

त्या विटा पेटीवरच्या होत्या. मीटर उघडं राहिलं. काच जाळाने तापली होती, वरून पाणी पडलं आणि तडकली. काटा तिथेच अडकला. दीड महिना आमच्यापैकी कोणी तिकडे बघितलं नाही. बघणारा माणूस गेला होता. नवा रीडर आला, त्याने उघडी पेटी पाहिली, फुटलेली काच पाहिली, आणि या गल्लीत जे सगळे करतात तेच इथे झालंय असं लिहून गेला.

ऑफिसात खिडकीमागे चाळिशीचे एक क्लार्क होते. नोटीस बघून म्हणाले, "मालकांना पाठवा, मॅडम."

"ते वारले."

"अरेरे. मग मीटर कोणी फोडलं?"

"ते वारले त्या दिवशी फुटलं."

"म्हणजे मालक नसताना फुटलं."

"मालक तिथेच होते," मी म्हणाले. "अंगणात."

त्यांनी वर बघितलं. मी चूल, पाणी, काच सगळं सांगितलं. माझा आवाज मोठा नव्हता, पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लिहिणं थांबवलं. क्लार्क चांगले गृहस्थ होते, आणि तेच जास्त असह्य होतं. म्हणाले, "ताई, माझ्याकडे अर्ज एकच आहे. 'माझ्या निष्काळजीपणामुळे मीटर फुटले, नवीन बसवून घेतो', खाली मालकाची सही. वारस म्हणून आईंची चालेल. भाऊ नाही का तुम्हाला?"

"नाही."

"मग आईंची घ्या. आणि ते 'जाणूनबुजून' रजिस्टरला चढलंय. त्याला रीडरचा रिपोर्ट आहे. कोणी फोडलं ते आम्ही विचारत नाही हो, जबाबदारी मालकाचीच असते."

मी अर्ज घेऊन बाहेर आले. रस्त्यात मला इतका राग आला की दोन रिक्षा थांबल्या तरी मी बसले नाही. ज्या गल्लीत प्रत्येकाने आपलं मीटर मारलं, तिथे एकाच माणसावर लिहून ठेवलं की ह्याने जाणूनबुजून फोडलं, आणि तो माणूस उत्तर द्यायला नव्हता. आई आयुष्यात फार सह्या केलेली बाई नाही. तिने पहिली मोठी सही करायची ती नवऱ्याच्या निष्काळजीपणाखाली?

संध्याकाळी शेजारचे काका भिंतीवरून म्हणाले, "कशाला खेटे घालता? आपला प्लंबर आहे, जुनं एखादं मीटर ठेवून देईल, बंद. कोण बघतंय? साहेब होते तोवर ठीक होतं, एकेकाचा छंद असतो."

हेच काका अण्णांना खांदा द्यायला पहिले पुढे झाले होते. मी आत येऊन भांडी घासायला घेतली आणि एका ताटाची कड वाकवली.

रात्री जेवताना माझा सगळा राग वणीच्या काकांवर आला. मी आईला म्हणाले, दुसऱ्या विटा मिळाल्या नाहीत का त्यांना? गल्लीत दोन बांधकामं चालू होती. अण्णांच्या पेटीलाच हात कसा लावला? आई म्हणाली, "त्यांना काय माहीत ते." मी म्हणाले, माहीत करून घ्यायला पाहिजे होतं. त्या आठवड्यात मी देवळ्याला बसून काकांना पत्र लिहिलं. चार पानं. त्यात मी 'निष्काळजीपणा' हाच शब्द वापरला, हे मला फार पुढे लक्षात आलं. सुदैवाने ते पोस्टात टाकलं नाही.

कारण पुढच्या रविवारी काका स्वतःच आले. टोपलीभर टोमॅटो आणि गावच्या देवीचा प्रसाद आणला होता. आईने त्यांना नोटीस दाखवली. त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली, मग बाहेर जाऊन उघड्या पेटीपाशी उकिडवे बसले.

"आरं द्येवा. हे मीटर व्हतं व्हय? मला वाटलं, तुळशीबिळशीचा कट्टा हाय, आत बघितलंच नाय म्या." ते आत आले. "माझं नाव लिही बाई त्या कागदावर. मी काढल्या विटा. भावानं नाय फोडलं म्हणावं, ह्या खेडुतानं फोडलं. मला कोन इचारतंय?"

"काका, पण विटा घ्यायच्या आधी विचारायचं तरी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, नवलाने.

"इचारलं की. तुलाच इचारलं. विटा हायेत का गं कुठं, म्हनलं. तू पायरीवर बसली व्हती, तू हात केला तिकडं. आजून म्या म्हनलं, ह्या काढू का, त तू मान हलवली."

मला ते आठवत नव्हतं, आणि काका सांगत असतानाच आठवलं: थंड पायरी, माझा उचललेला हात. मला तेव्हा एवढंच कळत होतं की कोणीतरी विटा मागतंय, आणि विटा तिथे आहेत. वीस पावलांवर बांधकामाचा ढीग होता. मला दिसल्या त्या ह्या, कारण लहानपणापासून रविवारी त्याच उचललेल्या पाहिल्या होत्या.

आठवडाभर मी सगळ्यांवर चिडले होते. त्यातलं काहीही मागे घेता आलं नाही, आणि आता चिडायला नवीन एक माणूस मिळाला.

सोमवारी पुन्हा खिडकीपाशी उभी राहिले. अर्जावर छापलेल्या ओळीवर मी रेघ मारली होती आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं: मालक वारले त्या दिवशी त्यांच्या आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी मीटरच्या पेटीवरील विटा मी काढायला सांगितल्या. मीटर त्यामुळे फुटले. मालकांनी ते फोडलेले नाही. त्यांनी ते नीट सांभाळले होते. खाली माझं नाव, सही.

क्लार्कनी ते दोनदा वाचलं. "ताई, असं चालत नाही."

"का?"

"अर्ज छापील आहे."

"खोटा आहे."

"तुम्ही मालक नाही."

"मग करा मला मालक. काय कागद लागतात ते सांगा. आई संमती देईल. पण आज हा अर्ज घ्या आणि पोच द्या."

मागे रांग होती. एक माणूस म्हणाला, "घ्या ना साहेब, बाई लिहून देतायत." क्लार्कनी उसासा टाकला, शिक्का मारला, आणि रजिस्टर काढलं. 'जाणूनबुजून' खोडता येणार नाही म्हणाले; पण शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच पेनने, बारीक अक्षरात, त्यांनी लिहिलं: मुलीचा खुलासा सोबत जोडला. मी रजिस्टर आपल्याकडे वळवून ते लिहिलेलं बघितलं, मगच पेन परत घेतलं.

घरी आले तेव्हा आई फाटकात होती. "काढला का शब्द?"

"नाही. पण त्याला जोडून मी लिहून दिलंय की त्यांनी नाही फोडलं. मी."

आईने फाटकाची कडी लावली. मग म्हणाली, "पाणी चांगलं तापलं होतं ना गं? ह्यांना कोमट चालत नसे."

मी बाहेर गेले. विटा गटाराच्या कडेला गवतात तशाच पडल्या होत्या, एक बाजू काळी झालेली. मी एकेक उचलून नळाखाली धुतल्या. शेजारचे काका भिंतीपाशी आले.

"अहो, हे काय करताय? मयताच्या चुलीच्या विटा कोणी घराला परत लावतं का?"

"ज्यांच्या आंघोळीला लावल्या त्यांच्याच आहेत," मी म्हणाले. "तुमच्या मीटरला नाही लावत."

ते आत गेले आणि पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. नवीन मीटर बसलं त्या रविवारी मी तिन्ही विटा पेटीवर ठेवल्या, सुट्याच, रीडरला उचलता येतील अशा. काळी बाजू वर ठेवली.