कमलताईंनी मशीन घेतलं तेव्हा

माझ्या मोठ्या जाऊबाई कमलताई गेल्या, तेव्हा मी नांदुऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. वरवट बकालहून पुतण्या विजयचा फोन आला. ‘काकू, आई गेली. झोपेतच गेली,’ एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि पुन्हा मेथी निवडायला बसले... बऱ्याच वेळानं लक्षात आलं, कोवळी पानं मी टाकून देत होते आणि देठं राखत होते. त्याला आता महिना उलटून गेला.

लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला धड कणीकही मळता येत नव्हती. ताईंनी कधी हसं केलं नाही. माझी परात नुसती आपल्याकडे ओढून घ्यायच्या आणि बोलता बोलता गोळा सारखा करून परत सरकवायच्या. पुढे आम्ही नांदुऱ्याला बिऱ्हाड केलं, तरी सणावाराला गावीच. बीटी कपाशी आली त्या वर्षांत तर दिवाळीच्या सुमारास बोंडं अशी एकदम फुटायची, की वेचायला बाया मिळायच्या नाहीत. घरातल्या सुनासुद्धा वावरात जायच्या. मागे सगळ्यांचा स्वयंपाक एकट्या ताई उरकायच्या आणि वर आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

अशाच एका हंगामात हौदापाशी पाय घसरून त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण जोर काही परत आला नाही. बायका वावरातून थकून यायच्या आणि चुलीशी बसायच्या, ताई दारात बसून बघायच्या. मला ते पाहवेना. माझ्याकडचा फूड प्रोसेसर मी एसटीत मांडीवर घेऊन वरवटला नेला आणि म्हटलं, वापरून बघा, पटला तर तुमच्यासाठी नवा आणू.

त्यांनी आठवडाभर त्याची चांगली परीक्षा घेतली. कांद्याला फार पाणी सुटतं, ठेचा अगदी गंधासारखा गुळगुळीत होतो, ज्वारीच्या भाकरीला तर त्याचा काही उपयोग नाही, आणि चिरलेल्या भाजीपेक्षा धुवायची भांडीच जास्त, असं त्यांचं मत पडलं. खोबरं मात्र छान बारीक होतं, आणि गव्हाची कणीक थोडी थोडी टाकली तर बरी मळली जाते, हेही त्यांनी कबूल केलं. मग घ्यायचा का, असं मी विचारलं, तेव्हा त्या मनगट चोळू लागल्या.

‘घेतला असता वं सुमन,’ त्या म्हणाल्या. ‘पन तो घरात आला म्हंजे माह्या हातात आता जोर येत नाही, हे ठरूनच गेलं ना.’

मशीन मी परत घेऊन आले.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीला अळी लागत नाही असं आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो होतो, आणि त्या वर्षी बोंड उकललं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली कवडी, म्हणजे न उमललेला किडका कापूस. माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, उभ्या कपाशीत नांगर घातला. घरी येऊन ताटावर बसायचे आणि अर्धी पोळी खाऊन उठायचे. सुना काय काय करून बघत होत्या... एक दिवस ताईंचा मला फोन आला. विजयला पाठवते, त्याच्यासोबत दुकानात जा आणि कणीक मळायचं भांडं मजबूत असेल असं मशीन बघून दे, बाकीच्या चकत्याबिकत्या नसल्या तरी चालतील, असं म्हणाल्या. मशीन घेऊन मी विजयबरोबरच गावी गेले.

त्या दिवशी ताईंनी रोडगे केले. रोडग्याची कणीक घट्ट लागते, म्हणून मशीन गुरगुरून बंद पडायचं. मग त्या गोळा लहान करायच्या, तेलाचं बोट लावायच्या, पुन्हा डाव्या हातानं बटण दाबायच्या. अंगणात गोवऱ्यांच्या आरात रोडगे त्यांनी स्वतः लावले. धुरानं डोळे लाल झाले होते. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, ‘हात गेला तं गेला वं. चव तं माह्याजवळच हाय.’

दादा जेवायला बसले. रोडगा फोडून वरणात कुस्करला, पहिला घास घेतला आणि थांबले. ताईंकडे न बघताच म्हणाले, ‘आज तू केले.’ मग आणखी एक रोडगा मागून घेतला. ताई पदरानं डोळे पुसत होत्या आणि धूर लागला म्हणत होत्या.

त्यानंतर घरातली कणीक शेवटपर्यंत ताईंच्याच ताब्यात राहिली. परवा मी गावी गेले होते. त्या स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा आहे, विजेची जागाही वरच आहे. पण ताईंना बसूनच काम जमायचं, म्हणून दादांनी कुणाला न सांगता माणूस बोलावून जमिनीलगत एक प्लग बसवून घेतला होता. कणकेला आता ताईंची एक सून एकटीच असते तिथं. ओटा सोडून ती अजून पाट घेऊन खालीच बसते. मशीन सुरू झालं की बाहेर ओसरीवर दादा बोलता बोलता थांबतात... आणि ते बंद होईपर्यंत कुणीच त्यांना काही विचारत नाही.