म्हशीची साक्ष

माझ्या साडूंइतका बेचैन माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि अशा माणसाला बसून ऐकून घेण्याचं काम द्यावं, हा विनोद फक्त सरकारलाच सुचू शकतो. पंचायत समितीत ते विस्तार अधिकारी होते. ग्रामपंचायतीचा एखादा मेंबर पारावर, बाजारात किंवा कुणाच्या तेराव्याला आपल्याच पंचायतीला नावं ठेवायचा, ते सरपंचाला झोंबायचं, मग 'गैरवर्तणूक' म्हणून वर अर्ज जायचा आणि तो फिरत फिरत आमच्या साडूंच्या टेबलावर यायचा. टेबलाशी साडू मात्र नसायचे. ते चहा फिरत प्यायचे, पेपर फिरत वाचायचे आणि पंगतीत ताक यायच्या आत उठायचे. जीप भरेपर्यंत थांबणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून गोरेगावच्या फाट्यावर स्वतःच खाली उतरून 'सेनगाव, सेनगाव' असं ओरडत माणसं गोळा करायचे. एकदा त्यांनी इतकी माणसं गोळा केली की जीप खचाखच भरली आणि त्यांनाच टाकून निघून गेली. तेव्हापासून चौकशीला जायचं म्हटलं की ते माझ्या लुनावर मागे बसू लागले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मागे बसून ते इतकी चुळबुळ करत की लुना सरळ रस्त्यावरही वळणं घेत जायची.

चौकशीची त्यांची रीतही जगावेगळी. अर्ज लिहून द्यायचे ग्रामसेवक, आणि ग्रामसेवकांच्या मराठीवर साडूंचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावरलं मला काई सांगू नका," म्हणायचे, "जिथं बोलले तिथं हुबं राहा, अन् जसं बोलले तसंच पुन्हा बोला." आता टीका करणाऱ्याला आणखी काय पाहिजे? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. एका गावात एक मेंबर पानटपरीवर उपसरपंचाला हळूच 'होयबा' म्हणाला होता. चौकशीला तीच पानटपरी, तोच मेंबर, आणि भोवती सगळं गाव. मागच्यांना ऐकू आलं नाही अशी तक्रार आली, म्हणून साडूंनी त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. चौघांनी ऐकलेलं चारशे जणांनी ऐकलं. उपसरपंचाने हात जोडून अर्ज मागे घेतला, पण पुढे गावात त्याचं तेच नाव पडलं.

सगळंच काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. पंचायतीत बायकांच्या राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या, आणि आमच्या भागातल्या एका गावात तांड्यावरची जमनाबाई मेंबर झाली होती. नळयोजना झाली, गावात पाणी आलं, तांड्याला पाईप काही पोचला नाही. जमनाबाई गावच्या आठवडी बाजारात त्यावर बोलली आणि सरपंचाचा अर्ज आला, 'सदर महिला सदस्येने मा. सरपंच यांना जाहीररीत्या पशुतुल्य संबोधून पंचायतीची बदनामी केली, सबब तिचे सदस्यत्व रद्द व्हावे.' वरच्या साहेबांनी साडूंना बोलावून घेतलं आणि अहवाल कसा यायला पाहिजे ते गोड शब्दांत समजावलं. साडूंनी तसं लिहिलं असतं तर बाईची मेंबरकी गेलीच होती, आणि पुन्हा तांड्यावरची कुणी बाई तोंड उघडायला धजली नसती. त्या आठवड्यात ते आमच्या अंगणातल्या लिंबाला इतके फेरे घालत होते की बायको म्हणाली, दाजी, वटसावित्रीला अजून अवकाश आहे, आणि झाडही ते नाही.

बाजाराच्या दिवशी मी रजा टाकून त्यांना घेऊन गेलो. मिरच्यांच्या ढिगाशेजारी, बोलली होती तिथेच, जमनाबाई उभी राहिली. पदर सावरून म्हणाली, "म्या येवढंच म्हनलं, सरपंचाची म्हैस नळाचं पानी पिऊन राहिली, अन् तांडा हिरीवर रांग लावून राहिला." तुम्ही सरपंचांना म्हैस म्हणालात काय, असं साडूंनी विचारलं. "न्हाई जी," ती म्हणाली, "म्हैस गरीब हाय." बाजार हसला. सरपंच लाल झाले. गोठ्यातला नळ फक्त हातपाय धुवायला आहे, असं ते शपथेवर सांगू लागले. पण शपथ ऐकत उभं राहणं आमच्या माणसाला कुठलं जमायला? ते केव्हाच गोठ्याच्या वाटेला लागले होते आणि त्यांच्यामागे निम्मा बाजार. आम्ही पोचलो आणि पाणी सुटायची वेळ झाली. नळ खोकला, गुरगुरला, आणि कुणी हाक न मारता ती म्हैस सावकाश उठली, चार पावलं चालून आली आणि रोजच्या सवयीने नळाखाली तोंड लावून उभी राहिली. सरपंच तिला हट हट करत होते. ती ढिम्म हलली नाही.

साडूंनी अहवाल तिथेच, लुनाच्या सीटवर कागद ठेवून, उभ्या उभ्या लिहिला. 'सदस्येचे विधान खरे आहे. म्हशीने समक्ष पुष्टी दिली. खरे बोलणे ही गैरवर्तणूक नव्हे.' हे वाक्य साहेबांच्या घशाखाली उतरायला फार जड गेलं. साडूंची तडकाफडकी बदली झाली, पण जमनाबाईची मेंबरकी शाबूत राहिली. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी शाळेत, सासुरवाडीत, न्हाव्याकडे, जमेल तिथे मिरवला.

हिंगोलीचा जिल्हा झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी साडू निवृत्त झाले. निरोप समारंभात जो तो उठून म्हशीची गोष्ट सांगत होता आणि सभागृह हसत होतं. जमनाबाईही आली होती, केस पांढरे झालेली. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. "साहेबानं माझी मेंबरकी वाचिवली, खोटं काहून बोलू," ती म्हणाली. "पन नळ आजून आला न्हाई. साहेब म्हशीपत्तुर आले. तांडा तिथून हाकेवर व्हता, तिथं न्हाई आले." सूत्रसंचालक घाईघाईने माईककडे धावला. साडूंनी त्याचा हात धरला. "बोलू द्या," ते म्हणाले, "बराबर बोलून राहिल्या त्या."

मला त्या बाईचा संतापच आला होता. ज्याने तुझ्यापायी बदली भोगली त्याला सत्काराच्या दिवशी तरी सोडायचं होतंस. परत येताना मी हे सगळं साडूंना बोलून दाखवलं. शाल काखेत, नारळ हातात, ते माझ्या शेजारून चालत होते.

"गुरुजी, पान्याची चौकशी माझ्याकडं नव्हती," ते म्हणाले.

नव्हतीच, मी म्हणालो, त्यात तुमचा काय दोष?

"मागितली असती तर दिली असती वरच्यांनी," ते म्हणाले. "म्या मागितलीच न्हाई."